बारीक हॉर्नची सोडवलेली तार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतोस, की व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवून त्याच्याकडे बघतोस? तुझ्या बायकोचा खोकला गेला असेल असं धरून चालते. नसेल गेला, तर तिला सांग की औषधाची बाटली अर्धी झाल्यावर बरं वाटलं म्हणून उरलेली अर्धी ठेवून द्यायची नसते. इकडे मी ठणठणीत आहे. म्हणजे प्रकृतीने.

हे पत्र का लिहावं लागलं ते सरळ सांगते. शनिवारी तू बाबांची गाडी न्यायला येतो आहेस. स्टँडवरून घरी पोहोचेपर्यंत तुला निदान तिघेजण भेटतील आणि सांगतील की गाडीचा हॉर्न दुरुस्त करणाऱ्या माणसाने मूळ हॉर्न लांबवला आणि भलताच बसवून दिला. ते खोटं आहे आणि ते मी पसरवलं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच 'अगं ताई, जाऊ दे' म्हणतोस आणि मला बरं वाटतं. या खेपेला मला बरं वाटायला नको आहे. तेव्हा नीट बसून वाच. चहा आधी घे.

सुरुवात गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी झाली. गाडी एका जागी उभी राहून टायर बसू नयेत म्हणून दर मंगळवारी मी ती वाचनालयापर्यंत नेते आणि परत आणते, हे तुला माहीत आहे. मी हॉर्न वाजवत नाही हेही माहीत आहे. (बावीस वर्षं मुख्याध्यापिका होते. मी येते आहे हे कळवायला मला कधी यंत्राची गरज पडली नाही.) त्या दिवशी इस्पितळाच्या कोपऱ्यावर मी डावीकडे वळले, आणि गाडी ओरडू लागली. मी काही दाबलं नव्हतं. वळण पुरं झालं असतं तर बहुधा ती आपोआप गप्प झाली असती, पण समोर ऑक्सिजनच्या नळकांड्यांचा टेंपो आडवा लागला होता, मागे रिक्षा येऊन चिकटली, आणि मी चाक डावीकडे पिळलेल्या अवस्थेत, अखंड भोंगा वाजवत, इस्पितळाच्या दारात उभी राहिले. डोक्यावर पाटी: 'येथे हॉर्न वाजवू नये.' ती पाटी कोणी लावून घेतली? मी. त्यासाठी नगरपालिकेला अकरा पत्रं कोणी लिहिली? मीच. वरच्या मजल्यावरचे पेशंट खिडक्यांत आले. ज्यांना उठून बसायची परवानगी नव्हती तेही आले असावेत. रिक्षावाला म्हणाला, "आजी, कळलं, कळलं, आता पुरे!" मी खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि तुझ्या मते मी जे करणार नाही ते केलं, म्हणजे छत्रीच्या टोकाने हॉर्नला दोनदा मारलं. तो अधिक मोठ्याने वाजू लागला.

तेवढ्यात चौकातला पोलीस आला. चांगला आडवातिडवा वाढलेला, मिशीवाला. जवळ आल्यावर ओळख पटली. वर्गात शिट्टी वाजवतो म्हणून याला मी सातवीत अख्खा आठवडा दाराबाहेर उभा केला होता. तो अदबीने म्हणाला, "बाई, बटण सोडा." मी म्हटलं, मी धरलेलंच नाही. त्यावर तो म्हणाला, "बाई, आम्हीपण असंच म्हणायचो." आणि मग निमूटपणे वाकून त्याने बॅटरीची तार काढली. त्या शांततेत मला माझ्या कानांची उष्णता ऐकू येत होती. (असं काही ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. पण आलं.)

गाडी ओढून नेली ती गुपचूपकडे. गुपचूप हे त्या वायरिंगवाल्याचं बाजारातलं नाव. साठीचा, किडकिडीत, जाड भिंगांचा गृहस्थ. आयुष्यभर हॉर्न दुरुस्त करतो आणि स्वतः दिवसाला दहा शब्द बोलतो. त्याच्या वाटचं सगळं बोलणं त्याची बायको बोलते. ती दुकानातच एका स्टुलावर बसून जुन्या तारांचे तुकडे निवडत असते आणि गिऱ्हाइकाला आधीच बजावते, "त्यांना काय विचारताय, मला विचारा." त्याची कामाची रीत अशी, की हॉर्न उघडण्याआधी तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक हॉर्नवर टेकवतो, मूठ कानाला लावतो, आणि डोळे मिटून ऐकतो. डॉक्टर छाती तपासतो तसं. जुन्या गाड्यांचं जे मंडळ इथे आहे (अकरा सभासद, सगळे आपापल्या गाडीला बायकोपेक्षा जपणारे), त्यातल्या अकराही गाड्या त्याच्याच हातच्या. आपलीही.

दोष त्याने दहा मिनिटांत शोधला. स्टिअरिंगच्या दांड्यातून जाणाऱ्या तारेचं आवरण झिजलं होतं आणि डावीकडे वळताना उघडी तार दांड्याला चिकटत होती. ती त्याने बदलली. आणि तिथेच थांबला असता तर मी आज हे पत्र लिहीत नसते. पण चांगल्या कारागिराला थांबता येत नाही. तार शोधता शोधता त्याला पुढच्या जाळीमागे, मोठ्या हॉर्नच्या खाली, आणखी एक लहान हॉर्न दिसला. त्याची तार कोणीतरी सोडवून, टोक दुमडून, कापडी पट्टीने व्यवस्थित गुंडाळून ठेवली होती. त्याने तो हॉर्न उघडला, आतला पडदा पुसला, पॉइंट घासले, पेच पाव-पाव फिरवत सूर लावला आणि तार जोडून टाकली. मला काहीच सांगितलं नाही. त्या दिवशी त्याची बायको बहिणीकडे गेली होती, त्यामुळे सांगणारं कोणी नव्हतंच.

मी गाडी घ्यायला गेले. त्याने बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून हसला. (तो हसलेला मी प्रथमच पाहिला. म्हणून मला आधी संशय आला. बघ माझी तऱ्हा.) आवाज आला तो आपला नव्हता. आपला हॉर्न कसा होता? एकसुरी, भरदार, घसा बसलेल्या भारदस्त माणसासारखा. हा आवाज दुहेरी. जाड आणि बारीक एकदम, एका दारातून सासू आणि सून दोघींनी 'कोण आहे?' विचारावं तसा. मी म्हटलं, हा आमचा हॉर्न नाही. तो म्हणाला, "हाच." मी म्हटलं, पन्नास वर्षं मी तो ऐकते आहे. तो म्हणाला, "असेल." आणि बॉनेट बंद करून हात पुसायला आत गेला. दोन शब्दांत माझी बोळवण करणारा माणूस मला आयुष्यात भेटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला राग आला तो हॉर्नचा नव्हे, त्या 'असेल'चा.

मी तुला फोन लावून हॉर्नसमोर धरला होता, आठवतं? तू म्हणालास, "हा आपला नाही वाटत." तुझ्यावर ढकलत नाही. मी विचारलंच होतं 'हा आपला नाहीच ना?' अशा आवाजात, की त्या आवाजाला शाळेत कोणी कधी 'आहे' असं उत्तर दिलेलं नाही.

घरी येऊन मी मंडळाला तक्रारअर्ज लिहिला. मुद्दे सात, उपमुद्दे तीन, अक्षर वळणदार. त्यात 'मूळ वस्तूची अदलाबदल' आणि 'सभासदांच्या विश्वासाचा गैरफायदा' असे शब्द होते आणि ते लिहिताना मला छान वाटत होतं, हे लपवत नाही. मंडळाच्या चिटणिसांनी (पेशाने दातांचे डॉक्टर) तो सूचनाफलकावर लावला. सभासदांनी त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. एकाने तर फोन करून 'भाषा काय आहे तुमची, बाई!' म्हणून दाद दिली. आठवड्याभरात अकरापैकी आठ गाड्या गुपचूपकडून उठल्या आणि येत्या रविवारच्या मेळाव्यात त्याचं नाव मंडळाच्या यादीतून काढायचं ठरलं. मंडळाने काढलं की बाजार काढणार. एकतीस वर्षांचं दुकान.

आता लाजेचा भाग. (आत्तापर्यंतचा नुसता फजितीचा होता.)

चिटणिसांनी अर्जाला जोडायला गाडीचं माहितीपुस्तक मागितलं. मी बाबांची हत्यारांची पेटी उघडली, पुस्तक काढलं, आणि त्यातून एक चिठ्ठी पडली. बाबांचं अक्षर, तुला माहीत आहे, पोस्टाच्या तिकिटावर ज्ञानकोश मावेल असं. पहिली ओळ: 'थोरलीच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून बारीक हॉर्नची तार सोडवली. जाड तेवढा चालू.'

संपलं. गाडीत पहिल्यापासून दोन हॉर्न होते. गाडी घरी आली ती माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी महिनाभर. आठवड्याभरात मी आवाजाची कटकट केली असणार आणि बाबांनी बारीक हॉर्न बंद करून टाकला असणार. गुपचूपने काहीही लांबवलं नाही. बाबांनी जे मोडून ठेवलं होतं ते त्याने न सांगता, न मागता, जुळवून दिलं.

मग मी काय केलं? चिठ्ठी पुस्तकात ठेवली, पुस्तक पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि चार दिवस गप्प बसले. चार दिवस. कारण चिठ्ठीला आणखी चार ओळी होत्या, आणि त्या माझ्याबद्दल होत्या.

तिसऱ्या दिवशी गुपचूपची बायको घरी आली. मला वाटलं भांडायला आली. पण ती दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही लिहिलंय म्हणजे काहीतरी असणार असं माझा भाऊसुद्धा म्हणतो. मी एवढंच विचारायला आले, की यांनी तो चोरलेला हॉर्न ठेवला कुठे? कारण घरी तर आणला नाही, मी सगळं शोधलं." टोमणा होता की खरंच शोधलं होतं, मला आजही कळलेलं नाही. पुढे म्हणाली, की ते हल्ली दुपारीच घरी येतात, खाटेवर पडतात आणि शेजारच्यांच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय एवढंच सांगतात. मी तिला पाणी विचारलं. ती नको म्हणाली. पेटी आम्हा दोघींपासून चार हातांवर होती.

पाचव्या दिवशी मी नुसतं पुस्तक घेऊन (चिठ्ठी पेटीतच) चिटणिसांकडे गेले आणि चिठ्ठीचा उल्लेख न करता म्हटलं, माझी चूक झाली, अर्ज मागे घेते. तू हसशील, पण त्यांनी ऐकलंच नाही. म्हणाले, "बाई, त्याची बायको तुमच्याकडे येऊन रडली ना? तुमचा स्वभाव हळवा पडतो." (माझा! माझा स्वभाव हळवा! शिक्षक-खोलीतल्या कोणाला हे सांगितलं असतं तर खुर्चीवरून पडला असता.) मी म्हटलं, गाडीत दोन हॉर्न होते. त्यांनी माहितीपुस्तक उघडून दाखवलं: गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे एक किंवा दोन. "आपल्या वडिलांनी कोणता घेतला होता, याला लेखी पुरावा आहे का? तुमचा अर्ज इतका मुद्देसूद आहे, बाई, की तो आता तुम्हालाही खोडता यायचा नाही." एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटच्या दाढेकडे वळले. माझंच गद्य माझ्याच विरुद्ध उभं राहिलं.

घरी आले आणि कात्री काढली. हो. पहिल्या ओळीखाली कापलं असतं तर सगळं भागलं असतं: त्याचं नाव धुऊन निघालं असतं आणि माझं मळलं नसतं. गुणपत्रिकेचा कोपरा कातरून आणणाऱ्या किती मुलांना मी पालकांसमोर उभं केलं असेल! ती मुलं निदान पंधरा वर्षांची होती. मी एकाहत्तर वर्षांची, नाकावर चष्मा, हातात कात्री, आणि कागद सरळ कापला जावा म्हणून खाली पट्टी धरलेली. पट्टी बघून मला माझीच शिसारी आली. कात्री ठेवली आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तर त्या चार ओळी. जशाच्या तशा उतरवते.

'पास झाली की पुन्हा जोडणे.'
'नापास. नंतर बघू.'
'पुन्हा नापास. घरात कोणी विषय काढू नये.'
'पास झाली. आता जोडला तर का सोडवला होता ते विचारेल. राहू दे.'

मी कॉलेजात दोनदा नापास झाले, धाकट्या. ते वर्ष मी आजीच्या आजारपणासाठी घरी राहिले होते असं तुला सांगत आले आहे. आजीची प्रकृती तेव्हा उत्तम होती. ती रोज दोन जिने चढून गच्चीवर कपडे वाळत घालायची. ते वर्ष मी इतक्या कसोशीने विसरले की त्याच्याबरोबर बारीक हॉर्नही विसरले, आणि मग एका भल्या माणसाने तो परत आणून दिला तर त्यालाच चोर म्हटलं.

आणि तू नववीत गणितात नापास झालास तेव्हा मी काय म्हणाले होते ते तुला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो. 'आपल्या घरात आजवर हे कोणी केलेलं नाही.' तुझी सहल रद्द करायला लावली. तुझ्याकडून माफीपत्र लिहून घेतलं आणि अक्षर वाईट म्हणून ते तीनदा लिहायला लावलं. बाबा तिथेच वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी ते वाक्य म्हटलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र थोडं वर उचललं. मला वाटलं, तुझं तोंड बघवत नसेल.

हे माझं माफीपत्र आहे. अक्षर मी एकदाच काढलं आहे. वाईट वाटलं तर परत पाठव, पुन्हा लिहीन.

सगळ्यांना यथायोग्य सांग. व्यायाम कर.

तुझी,
ताई

ता. क. एक विनंती होती, ती वर राहून गेली. (राहून गेली नाही, धीर झाला नाही.) तू शनिवारी आलास की गाडी घेऊन लगेच निघू नकोस. रविवारी मेळाव्याला थांब आणि ती चिठ्ठी सगळ्यांसमोर तू वाच. पाचही ओळी. मी आरशासमोर तीनदा करून पाहिलं. 'नापास' म्हणताना माझा आवाज आपोआप असा होतो, जसं मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलते आहे आणि त्याने उद्या वडिलांना घेऊन यावं. तुझ्या तोंडी तो शब्द नीट बसेल. हे खवचटपणे लिहिलेलं नाही.

ता. क. आणखी एक. मला दुसरा विचार करायला लावायचा प्रयत्न करू नकोस, कारण वेळ गेलेली आहे. पाकीट चिकटवण्याआधी आज सकाळी मी गुपचूपच्या दुकानात जाऊन आले. त्याची माफी मागितली. बरीच लांब मागितली, मध्येच त्याची बायको म्हणाली, "बाई, उन्हात उभ्या आहात, थोडक्यात मागा." मग चिठ्ठी पुढे केली. त्याने भिंगं पुसली, पहिली ओळ वाचली, त्या ओळीखाली कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "एवढी पुरे." मी घडी उलगडली. त्याने पुन्हा घातली. मी पुन्हा उलगडली. कागद फाटेल म्हणून बायकोने तो दोघांच्याही हातून काढून घेतला आणि फळीवर उघडा ठेवून वर तारेचं वेटोळं ठेवलं. मी रीतसर पोचपावती केली, कारण पुढेमागे माझाच विचार बदलला तर माझ्या विरुद्ध काहीतरी लेखी असलेलं बरं. शेऱ्याची जागा मी नेहमीच्या सवयीने सोडली होती. त्याने काय लिहिलं ते मी घरी आल्यावर वाचलं. नक्कल खाली देते.

वायरिंगच्या दुकानात, आज सकाळी, दिलेल्या वस्तू:

१. वडिलांच्या हातची चिठ्ठी, एक. मूळ. ओळी पाच. कापलेली नाही. शाई शेवटच्या ओळीपर्यंत ठळक. रविवारी मेळाव्यात वाचण्यासाठी सोबत आणावी.
२. तक्रारअर्ज मागे घेतल्याचा कागद, एक. त्यात कारण दिलेलं आहे.
३. गाडीची किल्ली, एक. रविवारी मेळाव्याला गाडी त्यांनी स्वतः चालवत आणावी, यासाठी.

देणाऱ्याची सही: केली.
घेणाऱ्याची सही: केली.
घेणाऱ्याचा शेरा: सगळं मिळालं. चिठ्ठीची पहिली ओळ वाचली. पुढची शाई पुसट आहे, लागत नाही.